बोटीवरचं दुखणं

गेल्या काही वर्षांत आपल्या छोट्या गावांतूनही 'क्रूझ' हा शब्द घरोघरी पोचलाय. पूर्वी मुलं आईवडिलांना चारधाम नाहीतर अष्टविनायक घडवून आणायची. आता वडिलांची साठी झाली, लग्नाला चाळीस वर्षं झाली की पुण्या-बंगळुरूकडची मुलं परस्पर तिकीट काढून मोकळी होतात. सिंगापूर-मलेशियाच्या सहलीत तीन रात्री बोटीवर, नाहीतर मुंबईहून थेट गोव्याला, लक्षद्वीपला. महिला मंडळात चर्चा काय, तर बोटीवर साडी नेसावी की पंजाबी ड्रेस घालावा, मेथीचे ठेपले किती दिवस टिकतात आणि बोट लागली तर कुठली गोळी घ्यायची.

आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "अगं, त्या बोटींवर म्हणे साथी पसरतात. करोनात नाही का, टीव्हीवर दाखवत होते!" की झालं! अर्ध्याजणी म्हणतात, "नकोच बाई ती बोट." उरलेल्या म्हणतात, "काही होत नाही गं, एवढे लोक जातातच ना!" मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. बोटीवर साथ पसरते हे खरं आहे. पण ती कशी पसरते हे कळलं की घाबरून घरी बसावंसं वाटत नाही, आणि "काही होत नाही" असं म्हणायला जीभही रेटत नाही.

करोनाचं नाव आता पोराटोरांनाही पाठ आहे. पण बोटीवरचा जुना, मुरलेला पाहुणा वेगळाच आहे. त्याचं नाव नोरोव्हायरस. एकाएकी उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, कधी थोडा ताप, अंग मोडून येणं. विषाणू पोटात गेल्यावर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत हे सुरू होतं आणि एक ते तीन दिवसांत बहुतेकांना बरं वाटतं. धडधाकट माणूस यातून उठून बसतो, पण सत्तरीच्या आजी आणि दोन वर्षांचा नातू यांच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं, आणि खरा धोका तोच असतो. गंमत म्हणजे हा विषाणू काही बोटीवर जन्माला आलेला नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाच्या गावी एका शाळेत साथ आली, त्या गावावरून त्याचं नाव पडलं. आजही अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते की त्यांच्याकडे नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी बोटींवरच्या जेमतेम एक टक्का असतात. बाकीच्या साथी येतात त्या वृद्धाश्रमांत, इस्पितळांत, शाळांत आणि हॉटेलांत.

मग बोटीचंच नाव का होतं? आपल्याकडच्या लग्नाचं बघा. पाचशे पानांची पंगत उठते, कुणाला काही बाधलं तरी दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या गावी असतो. कोण आजारी पडलं याचा हिशेब कोण ठेवतो? बोटीवर मात्र तीच दोन-तीन हजार माणसं रोज त्याच पंगतीला बसतात. जिन्याचे तेच कठडे, लिफ्टची तीच बटणं, बुफेतल्या भाताचा तोच डाव शेकडो हातांतून जातो. हा विषाणू टेबलावर, नळाच्या तोटीवर दिवसचे दिवस टिकतो आणि माणूस आजारी पडायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. शिवाय रोगी बरा झाला तरी पुढे दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, त्याच्या शौचातून विषाणू जात राहतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून कॅरिबियन बेटांकडे निघालेल्या 'एक्स्प्लोरर ऑफ द सीज' या जहाजावर सहाशेहून जास्त प्रवासी असेच आजारी पडले आणि सहल दोन दिवस आधीच आवरती घ्यावी लागली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण करोनानंतर आपल्या सगळ्यांच्या पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली आली आहे. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, आणि तेही वीस सेकंद तरी. बुफेच्या दारात कुणीतरी हसतमुखाने हातावर थेंब टाकतो म्हणून आपले हात धुऊन झाले असं समजू नका. यावर खास औषध नाही, आपल्याकडे वापरात असलेली लसही नाही. जलसंजीवनीची पाकिटं बॅगेत असू द्या, तीच कामाला येतात. अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका, विषाणूवर त्यांचा काही उपयोग होत नाही.

आता मला जे खरं म्हणायचंय त्याकडे येते. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून परदेशातून येणाऱ्या प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेवर लक्ष ठेवणारी सरकारी योजना आहे. स्वयंपाकघर, पाण्याच्या टाक्या, तरणतलाव सगळं अचानक येऊन तपासलं जातं आणि गुण दिले जातात. एका सफरीत तीन टक्के प्रवाशांनी किंवा तीन टक्के कर्मचाऱ्यांनी पोट बिघडल्याची तक्रार केली की त्या जहाजाचं नाव जाहीर होतं. कुणीही ते बघू शकतं. चांगलंच आहे. पण नीट वाचा, तक्रार केली तर! जो बोटीवरच्या डॉक्टरकडे गेला तोच मोजला जातो. जो खोलीत गुपचूप दोन गोळ्या घेऊन संध्याकाळी पुन्हा जेवणाच्या रांगेत उभा राहिला, तो कुठल्याच आकड्यात नसतो. साथ मात्र त्याच्याच हातून पुढे जाते.

आणि दुखणं लपवण्यात आपला, म्हणजे बायकांचा, हात कोण धरणार? लहानपणापासून आपल्याला शिकवलेलंच असतं. ताप अंगावर काढायचा, पण सणाचा स्वयंपाक चुकवायचा नाही. "काही नाही, जरा कणकण आहे" म्हणत पुरणपोळ्या लाटायच्या. अशा बाईला घरात सोशिक म्हणतात, कौतुक करतात. माझ्या ओळखीच्या एक काकू मुलाने काढून दिलेल्या तिकिटावर अशाच बोटीच्या सहलीला गेल्या होत्या. दुसऱ्या रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या. त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही! नंतर मी विचारलं, "काकू, डॉक्टरला का नाही दाखवलंत?" तर म्हणाल्या, "अगं, पोराने एवढे पैसे भरलेले. डॉक्टरकडे गेले की म्हणे खोलीत कोंडून ठेवतात. ह्यांचीही सहल फुकट गेली असती, आणि आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं की तुझ्या पोटामुळे सगळं बारगळलं." दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांबरोबर जेवायला गेल्या, गटातल्या बायकांना घरून नेलेल्या चकल्या वाटल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गटातल्या दोघी आडव्या झाल्या. त्या काकूंमुळेच झाल्या असं मी म्हणणार नाही, तपासणी कुणी केलीच नव्हती. पण शक्यता तर होतीच ना!

काकूंचा मला राग येत नाही. "तुझ्यामुळे" या शब्दाचा येतो. आजारी पडणाऱ्या बाईवर आधी खर्चाचा आणि मग विरसाचा आळ येणार असेल तर ती बोलणार कशी? घरात ही सवय खपून जाते, कारण घरात चार माणसं असतात. बोटीवर ती हजारो लोकांना नडते. तेव्हा आईवडिलांना पाठवणाऱ्या मुलासुनांना माझं सांगणं आहे. तिकीट हातात देतानाच सांगा, "आई, बरं वाटलं नाही तर लगेच डॉक्टरकडे जा. दोन दिवस खोलीत काढावे लागले तर काढ. पैशांचं मनात आणू नकोस." एवढं एक वाक्य निघण्यापूर्वी कानावर पडलं तर त्याचा उपयोग गोळ्यांच्या पुडीपेक्षा जास्त होईल.

असं कोंडून ठेवण्याला 'क्वारंटाइन' म्हणतात, हे करोनाने आपल्याला शिकवलं. तो शब्दच मुळी जहाजांचा. जुन्या काळी प्लेगच्या भीतीने इटलीतल्या व्हेनिसच्या बंदरात आलेली जहाजं चाळीस दिवस बाहेर थांबवून ठेवत, आणि चाळीस या आकड्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना, तोही जवळपास तेवढाच! वेगळं ठेवणं म्हणजे शिक्षा नव्हे, हे आपल्या आज्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

पण वेगळं ठेवताना सगळ्यांना सारखं ठेवलं जातं का? इथे 'डायमंड प्रिन्सेस'ची आठवण काढायलाच हवी. २० जानेवारी २०२० रोजी हे जहाज जपानमधल्या योकोहामाहून निघालं. हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशाला करोना असल्याचं १ फेब्रुवारीला कळलं. जहाज योकोहामाला परत आलं आणि ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या खोल्यांत थांबायला सांगितलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसं होती. त्यातली ७१२ बाधित निघाली आणि डझनाहून अधिक माणसं दगावली. तपासणीच्या वेळी बाधितांपैकी जवळजवळ निम्म्यांना काहीही त्रास जाणवत नव्हता, म्हणजे आपल्याला लागण झालीय हे त्यांना माहीतच नव्हतं.

आपण टीव्हीवर बघितलं ते बाल्कनीत उभे राहिलेले प्रवासी. त्यांच्या दाराशी दिवसातून तीनदा जेवण येत होतं. ते शिजवत कोण होतं, दारापर्यंत पोचवत कोण होतं, ताटं विसळत कोण होतं? हजारावर कर्मचारी होते, आणि प्रवासी खोल्यांत बसले तरी त्यांचं काम चालूच होतं. ते खालच्या मजल्यावर दोन-दोन जण एका खोलीत राहत होते आणि एकाच मेसमध्ये जेवत होते. सुरुवातीला जे वीस कर्मचारी बाधित निघाले त्यातले पंधरा खाण्यापिण्याच्या विभागातले होते आणि सोळा जणांच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या. प्रवाशांना वाचवण्यासाठी त्यांना बंद केलं, ते ठीकच झालं. पण ज्यांच्या हातून त्यांना जेवण जाणार होतं त्यांना एकमेकांपासून वेगळं करायचं राहून गेलं. आपल्या घरातसुद्धा असंच होतं, नाही का? सगळे तापाने झोपलेले असतात तेव्हा पेज कोण करतं, आणि शेवटी आजारी कोण पडतं?

त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त सहा, बाकी १३२ कर्मचारी! सोळा भारतीयांना लागण झाली. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ जणांना दिल्लीला आणलं. जहाजाचे कप्तान सगळ्यांत शेवटी उतरले म्हणून जगभर त्यांचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. त्यांच्या आधी दोन-चार दिवसच उतरलेल्या भांडी घासणाऱ्या पोरांचं नाव मात्र कुठे आलं नाही.

ही पोरं परकी नाहीत. आमच्या तळकोकणात आणि पलीकडे गोव्यात "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "बोटीवर असतो" हे उत्तर नवं नाही. गोव्यात तर अशांना तारवटी असा खास शब्दच आहे. कुणी स्वयंपाकी, कुणी वेटर, कुणी खोल्या आवरणारा. सहा-आठ महिन्यांचा करार, मग दोन महिने घरी. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, बापाचं ऑपरेशन, सगळं त्या पगारावर. असा मुलगा सकाळी पोट बिघडलं म्हणून सहज सांगेल का? दुखणं सांगितलं की कामावरून बाजूला व्हावं लागतं, टिप जाते, आणि वरिष्ठ काय म्हणतील, पुढच्या करारासाठी बोलावतील की नाही, ही धाकधूक असते. काकूंना मुलाच्या पैशांची भीती, तर या मुलाला आईकडे पैसे पाठवता येतील की नाही याची. दोघंही लपवतात. नियम बघायला गेलं तर कडक आहेत. मघाशी सांगितलेल्या अमेरिकेच्या योजनेत, अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला त्रास थांबल्यावरही किमान अठ्ठेचाळीस तास कामावर घ्यायचं नाही असं सांगितलंय. पण त्या अठ्ठेचाळीस तासांचा पूर्ण पगार आणि बुडालेल्या टिपेची भरपाई हातात पडणार असेल तरच तो नियम खरा. आजारपण सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही अशी व्यवस्था प्रत्येक कंपनीने लेखी केली पाहिजे. त्यात प्रवाशांचाही स्वार्थच आहे.

करोनाच्या पहिल्या महिन्यांत या मुलांचे फार हाल झाले. प्रवासी उतरून घरी गेले, कर्मचारी मात्र बोटींवरच अडकले. 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी कितीतरी दिवस किनाऱ्याजवळ असून जमिनीला पाय लावू शकत नव्हते. शेवटी २३ एप्रिल २०२० रोजी त्यांना मुंबईत उतरायला मिळालं. त्या दिवसांत बोटीवरच्या पोरांच्या आया रोज फोनकडे डोळे लावून बसलेल्या मी पाहिल्यात.

वेळेवर न बोलण्याचा दोष काही फक्त आजारी माणसांचा नसतो, यंत्रणाही त्यात कमी नाहीत. १९ मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीला 'रुबी प्रिन्सेस' जहाज लागलं. काहीजण आजारी होते, नमुने घेतलेले होते, पण अहवाल यायच्या आधीच अडीच हजारांहून जास्त प्रवाशांना उतरून घरी जाऊ दिलं. त्या जहाजावरून सुरू झालेल्या साथीत २८ माणसं गेली. पुढे चौकशी झाली आणि तिथल्या आरोग्य खात्याच्या गंभीर चुका झाल्याचा निष्कर्ष निघाला. उलट जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया'वर एक कर्मचारी बाधित निघाल्यावर सगळ्यांची, म्हणजे दोन हजारांच्या आसपास माणसांची, तपासणी झाली आणि पहिल्या फेरीत ६६ जण बाधित सापडले. प्रवासी चिडले, नववर्षाची सहल बिघडली, जहाज परत मुंबईला आलं. पण एका माणसाचं दुखणं वेळेवर उघड झालं म्हणून बाकीचं कळलं, हे आपण लक्षात घ्यायला हवं. आपल्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर किती प्रवासी आजारी पडले, किती कर्मचारी आजारी पडले, हे नावानिशी, मराठीत, कुणालाही सहज वाचता येईल असं जाहीर व्हावं, असं मला वाटतं. हॉटेलची खोली घेण्याआधी आपण संडास बघून घेतो. मग बोटीबद्दल विचारायला लाज कसली?

वयस्कर मंडळींबद्दल थोडं. बोटीवरचा गरम पाण्याचा बुडबुड्यांचा टब फोटोत फार छान दिसतो. १९९४ साली न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाणाऱ्या एका जहाजाच्या अशाच टबातून न्यूमोनियासारखा लीजनेअर्स हा आजार पसरला होता आणि वेगवेगळ्या सफरींतले पन्नास प्रवासी आजारी पडले होते. टबाच्या गाळणीत जंतू वाढले होते, आणि वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक तुषारांतून ते श्वासात गेले. हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, पण दमेकरी, मधुमेही, सिगारेट ओढणारे आणि साठी उलटलेले यांना जड जातो. त्यांनी त्या टबाचा मोह सोडलेलाच बरा, डेकवर बसून समुद्र बघावा. फ्लूची लस घ्यायची तर निघायच्या किमान दोन आठवडे आधी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून.

आणि पैसे भरायच्या आधी सहलवाल्यांना काही गोष्टी लेखी विचारा. निघायच्या आदल्या दिवशी ताप आला तर तारीख बदलून मिळते का, की सगळे पैसे बुडतात? माझं स्पष्ट मत आहे, डॉक्टरांचा दाखला असेल तर तारीख विनामूल्य बदलून मिळालीच पाहिजे. नाहीतर क्रोसिन घेऊन लोक बोटीत चढणारच. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो, त्याचं बिल बऱ्याचदा डोळे पांढरे करणारं असतं. तेव्हा प्रवास विम्यात ते बसतं का, आणि मधेच जमिनीवरच्या इस्पितळात हलवायची वेळ आली तर त्याचा खर्च कोण करणार, हे विचारा. खोलीत वेगळं राहावं लागलं तर पथ्याचं जेवण, साधा वरणभात किंवा दहीभात खोलीत मिळेल का, हेही विचारा. फार क्षुल्लक वाटेल, पण मसालेदार जेवण समोर आलं की आपली माणसं उपाशी राहतात आणि कुणाला सांगतही नाहीत. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि जलसंजीवनी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बोटीत चढताना मोठ्या बॅगा आपल्याकडून काढून घेतात आणि त्या खोलीपर्यंत पोचायला कधीकधी संध्याकाळ होते.